कोविनचा रिव्ह्यू, उशिरा का होईना: सर्टिफिकेट झकास, सरकारच्या शब्दाचं मात्र वेगळं बोलू

कोविनला, म्हणजे कोविडच्या लसीच्या सरकारी पोर्टलला, पाचपैकी साडेतीन स्टार. आधीच सांगून टाकते कारण पुढचं लांबणार आहे, आणि ज्यांना फक्त सर्टिफिकेट कसं नीट ठेवायचं तेवढंच हवंय त्यांनी डायरेक्ट शेवटच्या परिच्छेदावर उडी मारली तरी चालेल.

आता एवढ्या जुन्या पोर्टलचा रिव्ह्यू आत्ता कशाला, तर आमच्याकडे जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूएचओच्या, महामारी करारावरून जे घमासान चालू आहे त्यात दोन्ही पार्ट्या पुरावा म्हणून कोविनच पुढे करतात. ताईचे मिस्टर, म्हणजे आमचे भाऊजी, म्हणतात बघा, आधी कोविनमधून सगळ्यांचा डेटा गोळा केला, आता जिनिव्हात करारावर मान डोलावलीय, उद्या तिकडून फोन आला की इकडे लॉकडाऊन लागलाच म्हणून समजा. आणि आमचे काका, बँकेतून रिटायर झालेले, ते म्हणतात अरे २२० कोटी डोस दिले आपण, घरबसल्या मोबाईलवर सर्टिफिकेट, तिकडे अमेरिकेत लोक हाताने लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन फिरत होते, जरा सरकारवर विश्वास ठेवायला शिका. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं आणि दोघांनीही ही वस्तू स्वतः कधी हाताळलेली नाही, दोघांचं रजिस्ट्रेशन मीच केलेलं, त्यामुळे वापरलेल्या गिऱ्हाईकाच्या नात्याने लिहिते.

सुरुवात बुकिंगपासून. लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला, आधी डॉक्टर-नर्स, मग १ मार्चपासून ६० च्या वरचे आणि ४५ च्या वरचे पण आजार असलेले, १ एप्रिलपासून ४५ च्या वरचे सगळे. तोपर्यंत ठीक चाललं होतं. एका मोबाईल नंबरवर चार माणसं बसायची (पुढे जानेवारी २०२२ मध्ये सहा केली), ओटीपी टाका, पिनकोड टाका, केंद्र निवडा, झालं. काकांना ज्याचं एवढं कौतुक आहे ते हेच दिवस, आणि त्यांच्या अनुभवापुरतं ते खरंच आहे. तमाशा झाला २८ एप्रिलला. १८ च्या वरच्यांसाठी दुपारी चारला रजिस्ट्रेशन उघडलं, देशभरातून सव्वा कोटीच्या वर लोकांनी त्याच दिवशी नाव टाकलं, कुणाला ओटीपी येईना, कुणाचं पेज उघडेना, आणि ज्यांचं झालं त्यांना कळलं की रजिस्ट्रेशन म्हणजे स्लॉट नाही. स्लॉट नव्हतेच हो. लसच नव्हती तर स्लॉट कुठून येणार! कोविशिल्ड लस बनवणाऱ्या पुण्याच्या सीरम कंपनीला दिलेली पहिली सरकारी ऑर्डर होती १ कोटी १० लाख डोसची, ती पण जानेवारी २०२१ मध्ये, १३०-१४० कोटींच्या देशात. त्या मे महिन्यात पोर्टलला जेवढ्या शिव्या बसल्या त्यातल्या निम्म्या तरी ऑर्डर देणाऱ्यांच्या वाट्याच्या होत्या.

मग ज्यांना कोडिंग येतं त्यांनी टेलिग्रामवर अलर्ट लावले, स्लॉट पडला की मोबाईल टिंगटिंग, आणि पाच सेकंदांत बुक. पुण्या-मुंबईची पोरं गाडी काढून तालुक्याच्या आरोग्य केंद्रावर लस टोचून यायची आणि त्या गावातला माणूस दारात उभा, कारण त्याच्याकडे स्मार्टफोन नाही, असला तर रेंज नाही, आणि पोर्टल इंग्रजीत. मराठी आली जूनमध्ये. म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं लसीकरण आणि लस मिळवायची खिडकी पहिले पाच महिने फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला. सुप्रीम कोर्टाने ३१ मे च्या आदेशात नेमकं हेच विचारलं, आणि त्याच आदेशात १८ ते ४४ वाल्यांकडून पैसे घ्यायचं धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक वाटतं असं म्हटलं. तेव्हाचे भाव आठवतात का? कोविशिल्डचा एकच डोस केंद्राला १५० ला, राज्याला ३०० ला (आधी ४०० सांगितलेला), खासगी हॉस्पिटलला ६०० ला. एकाच बाटलीला तीन एमआरपी! कोर्टाचा आदेश आल्यावर आठवडाभरात, ७ जूनला, पंतप्रधानांनी जाहीर केलं की २१ जूनपासून सगळ्यांना केंद्राकडून फुकट. काका याला मनाचा मोठेपणा म्हणतात, भाऊजी म्हणतात कोर्टाने कान पिळला. माझ्या मते कान पिळल्यावर सुधारलं हे पण काही कमी नाही, पण मग विश्वास सरकारवर नाही, कान पिळणाऱ्यावर ठेवायचा ना.

आणि एक, कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर. आधी ४ ते ६ आठवडे, मार्चमध्ये ६ ते ८, आणि १३ मे ला एकदम १२ ते १६. याला शास्त्रीय आधार होता, अंतर वाढवलं की परिणाम चांगला होतो असं ब्रिटनचा डेटा सांगत होता. पण नेमकं ऐन टंचाईत हे जाहीर झालं, आणि पुढे सरकारच्या लस सल्लागार समितीतल्याच काही सदस्यांनी रॉयटर्सला सांगितलं की आम्ही एवढ्या अंतराला दुजोरा दिला नव्हता. आता मी डॉक्टर नाही, कुणाचं बरोबर ते मला ठरवता येत नाही. पण त्यावेळी समितीच्या बैठकीत काय काय मतं पडली ते तेव्हाच लोकांपुढे टाकलं असतं तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ज्या थिअऱ्या पिकल्या त्यातल्या निम्म्या पिकल्या नसत्या. खरं सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत असं सरकारी लोक म्हणतात, अहो आधी सगळं सांगून तर बघा.

आता चांगलं काय ते सांगते, म्हणजे सर्टिफिकेट. हे खरंच जगात नाव घेण्यासारखं काम झालं. त्याच्या मागे डिव्होक नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, क्यूआर कोडमध्ये डिजिटल सही, म्हणजे ते खरं की खोटं हे कुणीही व्हेरिफाय पेजवर जाऊन तपासू शकतो, त्यासाठी कुणाला फोन करायला नको, कुणाच्या शब्दावर विसंबायला नको. तीच सिस्टीम पुढे श्रीलंकेने, फिलिपिन्सने वापरली. आमच्या आत्याचं आडनाव एका खासगी केंद्रावर चुकीचं टाइप झालं होतं (केंद्राचं नाव घेत नाही, टाइप करणारी मुलगी सकाळपासून जेवलेली नव्हती ते दिसतच होतं), ते मी पोर्टलवर घरबसल्या दुरुस्त केलं. दुरुस्ती एकदाच करता येते हे तिथे स्पष्ट लिहिलेलं, म्हणून स्पेलिंग तीनदा वाचून घेतलं. कुठल्याही सरकारी दाखल्यावर नाव बदलायचं म्हटलं की काय काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच, त्यामानाने हे स्वर्ग.

हां, फोटोचं काय ते तुम्ही विचारणारच. पंतप्रधानांचा फोटो सर्टिफिकेटवर कशाला म्हणून केरळ हायकोर्टात एकजण गेला, डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने अर्ज फेटाळला आणि वर एक लाख दंड. तरी निवडणूक आली की आचारसंहितेमुळे त्या राज्यात फोटो गायब व्हायचा. मला फोटोचा एवढा राग नाही, पण जो कागद परदेशातल्या विमानतळावर दाखवायचा त्यावर देशाचं नाव, तारीख, बॅच एवढं पुरे. फोटोसाठी पाव स्टार कापला.

पण या क्यूआर कोडची एक मर्यादा कांदिवलीत उघडी पडली. ३० मे २०२१ ला तिथल्या एका सोसायटीत कॅम्प झाला, ३९० लोकांना टोचलं, पैसे घेतले, कुणालाच ताप नाही अंगदुखी नाही, आणि सर्टिफिकेटं आली ती भलत्याच वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नावाने. कॅम्प बोगस होता. म्हणजे काय, की सही खरी, क्यूआर खरा, आणि सिरिंजमध्ये काय होतं ते देव जाणे. तसंच दुसरा डोस न घेताच तुमचं लसीकरण यशस्वी झालं असे मेसेज आल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. ८ मे पासून केंद्रावर सांगायचा चार आकडी कोड सुरू केला तो असल्याच तक्रारींमुळे. कागद किती पक्का आहे ते मशीन सांगतं, टोचणाऱ्या माणसाचा हात किती पक्का ते सांगत नाही.

परदेशात हे सर्टिफिकेट कसं चाललं तो खरा मजेशीर भाग, कारण आंतरराष्ट्रीय करारांवर जे बोलतात त्यातल्या फार कमी जणांना हा किस्सा आठवतो. माझा भाऊ इंग्लंडमध्ये, वहिनीच्या बाळंतपणाला आईला जायचं होतं, २०२१ चा ऑक्टोबर. ब्रिटनने सप्टेंबरात सांगितलं की कोविशिल्ड आम्हाला मान्य, पण भारताचं सर्टिफिकेट मान्य नाही, म्हणून दोन डोस घेतलेला भारतीय माणूस तिथे उतरला की लस न घेतलेला समजला जाणार आणि दहा दिवस क्वारंटाईन. आता गंमत अशी की त्याच वर्षी मार्चमध्ये याच सीरमचे, पुण्याजवळच्या मांजरी गावात भरलेले ५० लाख डोस ब्रिटनने स्वतःच्या लोकांना टोचायला नेले होते. मग आपल्याकडूनही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना तेच, विमानात बसायच्या आधी टेस्ट, उतरल्यावर टेस्ट, आठव्या दिवशी टेस्ट, दहा दिवस घरात. एक आठवडा. ११ ऑक्टोबरपासून त्यांनी नियम मागे घेतला. त्याआधी आपल्या बाजूने सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख टाकायची सोय पण केली गेली, कारण परदेशात नुसतं वय लिहिलेलं चालत नाही. आईचं तिकीट नशिबाने त्यानंतरचं होतं. तिने विमानतळावर प्रिंट काढलेलं सर्टिफिकेट दाखवलं, त्या बाईने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि जा म्हणाली. यासाठी मी सरकारला पूर्ण मार्क देते, अगदी मनापासून. तू माझा कागद मानणार नाहीस तर मी तुझा मानणार नाही, हे स्वच्छ, उघड, आणि आठवड्यात निकाल.

पण याच सरकारने त्याच वर्षी जगाला दिलेला दुसरा शब्द कसा पाळला ते पण बघायला नको का? कोवॅक्स म्हणून जी योजना होती, गरीब देशांना लस पुरवायची, तिचा मोठा भार पुण्यातल्या सीरमवर होता, २० कोटी डोसपर्यंतचा करार, डोस तीन डॉलरच्या आत. जानेवारीपासून व्हॅक्सिन मैत्री म्हणून आपण ९० च्या वर देशांना साडेसहा कोटींच्या आसपास डोस पाठवले, काही भेट, काही विकत, काही कोवॅक्समधून. मार्चच्या शेवटी सगळं थांबलं. दुसरी लाट आली, आपलीच माणसं मरत होती, थांबवणं समजू शकते, मी तेव्हा मंत्री असते तर मी पण थांबवलं असतं. पण बंदी जाहीर केलीच नाही. निर्यातबंदी नाहीच असं सांगत राहिले आणि खोकी काही हलेनात. नेपाळने २० लाख डोस विकत घेतले होते, मिळाले १० लाख, बाकीचे महिनोन्महिने अडकले, तिथले म्हातारे पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट बघत बसले. आफ्रिकेतल्या देशांचं तर सगळं वेळापत्रकच कोलमडलं. कोवॅक्सला पुरवठा पुन्हा सुरू झाला नोव्हेंबरमध्ये. माझं म्हणणं एवढंच की थांबवायचं होतं तर कागदावर थांबवा, तारीख द्या, म्हणजे समोरचा दुसरीकडे हात पसरेल. आंतरराष्ट्रीय करार मोडायला आपल्याला जिनिव्हाच्या परवानगीची गरज लागली नाही हे भाऊजींनी जरा लक्षात घ्यावं, आणि जगाचं औषधाचं दुकान वगैरे म्हणताना काकांनी पण.

अजून एक विसंगती, ही मला फार डाचते. २ ऑक्टोबर २०२० ला, गांधी जयंतीला, भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेत (ती पण जिनिव्हातच) प्रस्ताव ठेवला की महामारीपुरते पेटंटचे नियम बाजूला ठेवा. उत्तम प्रस्ताव. आणि मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्याच देशातल्या कायद्यातलं सक्तीचं लायसन्स (म्हणजे पेटंटवाल्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला औषध बनवू देणं) का वापरत नाही विचारल्यावर सरकारचं प्रतिज्ञापत्र काय, तर त्याने उलट परिणाम होईल. म्हणजे जिनिव्हात जे मागतोय ते दिल्लीत वापरायचं नाही. शेवटी जून २०२२ मध्ये जिनिव्हात जे हाती लागलं ते पण फक्त लसींच्या पेटंटपुरतं, तोपर्यंत लसींची टंचाईच संपली होती.

आता डेटा. इथे काका गप्प बसतात आणि भाऊजी सुटतात. १२ जून २०२३ ला टेलिग्रामवरचा एक बॉट मोबाईल नंबर टाकला की त्या माणसाचं नाव, जन्मसाल, आधार किंवा पासपोर्टचा नंबर, कुठल्या केंद्रावर लस घेतली ते सगळं ओकत होता. नेत्यांचे, पत्रकारांचे तपशील निघाले. आरोग्य मंत्रालयाचं म्हणणं, बातम्या निराधार आणि खोडसाळ, पोर्टल सुरक्षित आहे. आणि मग थोड्याच दिवसांत दिल्ली पोलिसांनी बिहारमधून एकाला पकडलं. निराधार होतं तर पकडला कशाबद्दल, हा प्रश्न शाळेतलं पोर पण विचारेल. कदाचित पोर्टल थेट फोडलं नसेल, कुणाचा तरी लॉगिन वापरला असेल, पण माझ्या पासपोर्टचा नंबर बाहेर गेला तर तो खिडकीतून गेला की दारातून याने मला काय फरक पडतो. ज्याची माहिती गेली त्याला सरकारकडून एक साधा मेसेज आला असता, अमुक अमुक तपशील गेलेत, सांभाळा, तर मी इथे अर्धा स्टार वाढवून दिला असता. ज्या वेळी हा सगळा डेटा घेतला तेव्हा देशात डेटा संरक्षणाचा कायदाच नव्हता, तो आला ऑगस्ट २०२३ मध्ये. आणि आधार देऊन लस घेतलेल्या अनेकांच्या सर्टिफिकेटवर १४ आकडी हेल्थ आयडी आपोआप उगवला होता, विचारणं नाही सांगणं नाही.

आरोग्य सेतू, म्हणजे कोविडवाल्यांचा संपर्क शोधणारं सरकारी ॲप, त्याबद्दल वेगळा रिव्ह्यू लिहावा लागेल, थोडक्यात सांगते. २ एप्रिल २०२० ला आलं तेव्हा ऐच्छिक. १ मे ला ऑफिसला जाणाऱ्या सगळ्यांना सक्तीचं. १७ मे ला पुन्हा जमेल तसं. निवृत्त न्यायमूर्ती श्रीकृष्णांनी, ज्यांच्या समितीने डेटा कायद्याचा पहिला मसुदा केला होता, ही सक्ती साफ बेकायदा म्हटली. आणि ऑक्टोबरमध्ये माहिती अधिकारात कुणीतरी विचारलं हे ॲप बनवलं कुणी, तर कुणाला सांगता येईना, केंद्रीय माहिती आयोगाला नोटीस काढावी लागली. मी ते त्याच वर्षी काढून टाकलं.

तेच ऐच्छिकचं लसीबाबत. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने सुप्रीम कोर्टात सांगितलं की संमतीशिवाय कुणालाही लस द्या असं आमचं कुठलंच धोरण नाही. बरोबर. आणि इथे डोंबिवलीत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. स्टेशनबाहेर टेबल टाकून पालिकेचे लोक सर्टिफिकेट तपासायचे, शिक्का मारायचे, मग खिडकीवर पास. ज्याचा पगार कल्याण-सीएसएमटीवर अवलंबून त्याला ऐच्छिक म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्पष्ट म्हटलं की हे आदेश ठरलेली पद्धत सोडून काढले होते. आणि २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की लस कुणावर लादता येणार नाही, आणि त्यावेळच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध प्रमाणाबाहेरचे होते, तरी धोरण म्हणून लसीकरण योग्यच. मी स्वतः दोन्ही डोस पहिली संधी मिळताच घेतले, बूस्टर पण घेतला, कुणी शंभरदा विचारलं तरी घ्याच म्हणेन. पण ऐच्छिक म्हणायचं आणि पास अडवायचा, ही लबाडी. त्यापेक्षा कायदा करा, सक्ती आहे म्हणा, कोर्टात टिकवून दाखवा.

आणि इथेच भाऊजींचा मुद्दा मला उलटा दिसतो. तो महामारी करार २० मे २०२५ ला जागतिक आरोग्य सभेत मंजूर झाला, आदल्या दिवशी समितीत १२४ देश बाजूने, विरोधात एकही नाही, ११ तटस्थ. त्यात चक्क लिहिलंय की डब्ल्यूएचओच्या सचिवालयाला कुठल्याही देशाला लॉकडाऊन लावा, लस सक्तीची करा, प्रवाशांना बंदी घाला असं सांगायचा अधिकार या करारातून मिळत नाही. भाऊजी म्हणाले, "लिहिलेलं काय खरं धरतेस?" म्हटलं भाऊजी, तुम्ही फॉरवर्ड केलेलं पण लिहिलेलंच असतं ना. दादर स्टेशनवर माझं सर्टिफिकेट तपासणारा माणूस जिनिव्हाचा नव्हता. २४ मार्च २०२० ला रात्री आठला सांगून बाराला देश बंद केला तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, आपल्याच संसदेच्या. आणि त्याआधी १३ मार्चला महाराष्ट्राने जो कायदा लागू केला तो तर १८९७ चा साथरोग कायदा.

या १८९७ च्या कायद्याची जन्मकथा करारांवर भांडणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने वाचायला पाहिजे. मुंबईत प्लेग आला होता, युरोपातले देश घाबरले होते, मुंबईचा माल आणि हजची जहाजं बंद करू म्हणत होते, त्यावर व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली फेब्रुवारी-मार्चमध्ये. इंग्रज सरकारला व्यापार वाचवायचा होता, आम्ही कडक आहोत हे दाखवायचं होतं, म्हणून ४ फेब्रुवारीला घाईघाईत कायदा. चार कलमं, अधिकार सगळे सरकारला, आणि चौथं कलम असं की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कशाबद्दलही अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. पुण्यात त्याचं काय झालं ते तुम्ही शाळेतल्या इतिहासात शिकलाय, घरात घुसून झडत्या, रँड, २२ जून, गणेशखिंड रस्ता, चापेकर. म्हणजे बाहेरच्या दबावाने आतल्या लोकांवर जबरदस्ती होऊ शकते ही भाऊजींची भीती हवेतली नाही, पुण्याने ती बघितलीय. फक्त तेव्हा पण दारावर लाथ मारली ती व्हेनिसच्या कागदाने नाही, इथल्या कायद्याने, आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतरही आपण जपून ठेवला. २०२० मध्ये दुरुस्ती केली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा वाढवायला, ती हवीच होती, पण चौथं कलम जागच्या जागी.

करारातली खरी बोच दुसरीकडे आहे आणि त्यावर कुणीच भांडत नाही. आपल्याकडे परदेशाशी करार करताना सरकारला संसदेची मंजुरी घ्यावी लागत नाही. कायदा करायचा असेल तर राज्यघटनेच्या कलम २५३ खाली संसदेत यावं लागतं, पण नुसती सही करायला नाही. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या वेळी हेच झालं, डंकेल प्रस्तावावरून गावोगाव सभा झाल्या, शरद जोशींसारखे शेतकरी नेते बाजूने उभे राहिले, दुसरे विरोधात, आणि एप्रिल १९९४ मध्ये मराकेशला सही झाली ती संसदेने मतदान करून नाही. तीस वर्षांनी तीच पद्धत. या नव्या करारात लस कंपन्यांनी महामारीत उत्पादनातले २० टक्के डब्ल्यूएचओसाठी ठेवायचं उद्दिष्ट आहे, त्यातले निदान १० टक्के देणगी म्हणून, बाकीचे परवडणाऱ्या भावात, आणि बदल्यात विषाणूचे नमुने आणि माहिती वाटून घ्यायची. या देवाणघेवाणीचे नियम ज्यात येणार त्या परिशिष्टाची घासाघीस करारापासून वेगळी ठेवलीय, ते मंजूर झाल्याशिवाय करार सहीला खुला होत नाही, आणि पुढे ६० देशांनी मान्यता दिल्याशिवाय लागू होत नाही. आता जगातली सगळ्यात जास्त डोस बनवणारी कंपनी पुण्यात. मग २०२१ सारखी लाट परत आली तर ते २० टक्के बाहेर जाऊ देणार की मार्चसारखी खोकी गुपचूप अडवणार? हे आपल्या खासदाराला कुणी विचारलंय का, लोकसभेत यावर एक अख्खा दिवस चर्चा का नको, असं मी भाऊजींना म्हटलं तर ते म्हणाले खासदार काय करणार. म्हणजे जिनिव्हाला घाबरायचं, पण कल्याणच्या खासदाराला पत्र लिहायचं नाही.

आणि काकांसाठी एक आकडा, कारण त्यांना आकडे आवडतात. डब्ल्यूएचओने मे २०२२ मध्ये अंदाज दिला की २०२०-२१ मध्ये भारतात ४७ लाख जादा मृत्यू (म्हणजे एरवीच्या मानाने वाढलेले) झाले, सरकारी कोविड आकडा तेव्हा ४ लाख ८१ हजार. सरकार भडकलं, तुमचं गणिती मॉडेल आम्हाला मान्य नाही, आमच्याकडे प्रत्यक्ष नोंदणीचे आकडे आहेत. ठीक. पण ते २०२१ चे जन्म-मृत्यू नोंदणीचे आकडे बाहेर यायला मे २०२५ उजाडला, आणि त्यात त्या वर्षी १ कोटी २ लाख मृत्यू नोंदलेले, आदल्या वर्षापेक्षा २० लाखांच्या वर जास्त. सगळे कोविडचेच असं मी म्हणत नाही, नोंदणी पण सुधारली असेल. पण चार वर्षं तो आकडा दाबून ठेवायचा आणि वर विश्वास मागायचा. काय बोलणार! जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत उत्तर दिलं गेलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची विशिष्ट नोंद राज्यांनी कळवलेली नाही, उत्तर देणाऱ्या राज्यमंत्री तेव्हा दिंडोरीच्या खासदार, आणि त्याच नाशिक जिल्ह्यात एप्रिलमध्ये झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी गळून किमान २२ रुग्ण गेले होते. राज्यांनी कळवलं नाही हे तांत्रिकदृष्ट्या खरं असेल, मग राज्यांना पण त्यातलाच वाटा द्या, पण असलं तांत्रिक खरं नाशिकच्या माणसाला ऐकवून बघा.

मग साडेतीन का, दोन का नाही? कारण ज्या गोष्टीसाठी मी ही सेवा वापरली ती झाली. लस मिळाली, फुकट मिळाली, कागद पक्का मिळाला, आई नातवाला बघून आली. जिथे त्यांनी मला तपासायचं साधन हातात दिलं, क्यूआर कोड, ओपन सोर्स, उघड नियम, तिथे मी डोळे झाकून वापरेन. जिथे नुसती प्रेस नोट दिली तिथे नाही, मग सरकार दिल्लीतलं असो की मंत्रालयातलं, २०२१ मध्ये दोन्हीकडे वेगवेगळ्या पक्षांची होती हे विसरू नका. पोर्टल चार, सर्टिफिकेट साडेचार, डेटा सांभाळणं दीड, परदेशात भाव मिळवून देणं साडेचार, दिलेला शब्द पाळणं दोन. सरासरी काढून बघा, जवळपास तेवढंच येतं.

वापरायचं असेल तर: सर्टिफिकेट अजून निघतं, लस घेताना दिलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे, तो नंबर बंद केला असेल तर आधी त्याचं काहीतरी बघा. नाव पासपोर्टप्रमाणेच आहे का बघा, दुरुस्ती एकदाच आहे. परदेशी जायचं असेल तर पूर्ण जन्मतारखेवालं काढा. पीडीएफ स्वतःच्या मेलवर टाकून ठेवा, डिजिलॉकरमध्ये पण. आणि ते स्टेटसला टाकू नका कृपया, त्यात वय, ओळखपत्राचे शेवटचे आकडे सगळं असतं, आमच्या काकांनी मोठ्या अभिमानाने टाकलं होतं ते मी रात्री अकराला फोन करून काढायला लावलं.